बॅनरवरचा जादा हात

निवृत्तीनंतर ज्यांना घरबसल्या कॉम्प्युटरवर डिझाइन शिकायचं आहे, त्यांना माझी पहिली आणि सर्वांत उपयोगी सूचना अशी, की शेजाऱ्यांना कळू देऊ नका. बाकी सगळं, म्हणजे अक्षरं कशी बसवायची, फोटो कसा कापायचा, रंग कसे निवडायचे, हे मोबाइलवरच्या व्हिडिओत सापडतं. ही एक सूचना कोणी देत नाही, आणि माणूस आमच्या तलावाकाठच्या मेहरूणमध्ये राहत असेल तर सगळ्यात आधी हिचीच गरज पडते.

मी कळू दिलं. सकाळी तलावाभोवती फिरताना मी दोन-चार जणांना 'डिझाइनमधलं मोकळ्या जागेचं महत्त्व' समजावून सांगत होतो. (ते भराभर चालत होते, मी मागून सांगत होतो.) त्यात आमचे शेजारी मोहनलालभाऊ होते. त्यांचं बाजारात भांड्यांचं दुकान आहे. ते थांबले, घाम पुसला आणि म्हणाले, "नाना, मग आमच्या घरचं बॅनर तुम्हीच करा ना. घरचा माणूस असताना बाहेर कशाला द्यायचं?"

बॅनर होतं त्यांच्या पत्नीच्या, सज्जनभाभींच्या पारण्याचं. भाभींनी वर्षीतप केलं होतं. म्हणजे वर्षाहून जास्त काळ एक दिवस नुसतं उकळलेलं पाणी आणि एक दिवस जेवण. पारणं आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, उसाच्या रसाने. मी संकष्टीला चंद्रोदयाची वेळ पेपरात बघून ठेवतो आणि पेपरवर भरवसा नको म्हणून वर गच्चीत जाऊन उभा राहतो. तेव्हा अशा बाईचं बॅनर करायला मिळणं हा मोठाच मान होता. मी तिथल्या तिथे हो म्हणून टाकलं.

घरी आल्यावर आमच्या रूपाला सांगितलं. ती भेंडी चिरत होती, मान वर न करता म्हणाली, "बॅनर बिघडलं तर त्यांच्या तपाला काही होणार नाही. आपल्या शेजाराचं काय ते बघा."

हिला माझी योग्यता ठाऊक नाही, हे मी संसारभर सहन करत आलोय. मी सरकारी खात्यात अनुरेखक होतो. इंजिनिअर पेन्सिलीने जे काही गिरवून आणायचे ते शाईने स्वच्छ काढायचं, हे माझं काम. खानदेशातले कितीतरी कालवे आधी माझ्या टेबलावरून वाहिले आणि मग जमिनीवरून. ज्या हाताने कालवे काढले त्या हाताला एक बॅनर काय जड आहे?

सुरुवात फोटोपासून झाली. मोहनलालभाऊंनी मोबाइलवर भाभींचा फोटो पाठवला. तो कुठल्याशा ओळखपत्राचा होता आणि त्यात भाभी अशा दिसत होत्या की जणू त्यांच्या घरी चोरी झालीय आणि संशय बघणाऱ्यावर आहे. शिवाय मोबाइलमधून येता येता त्याचा पार चुरा झालेला. बॅनरएवढा मोठा केला की नाकाच्या जागी नुसते चौकोन. इथे आणखी एक सूचना सांगून ठेवतो, ही खरी आहे: मोबाइलवर फोटो मागवायचा तर तो डॉक्युमेंट म्हणून मागवावा, म्हणजे आहे तसा येतो. ही गोष्ट मी मोहनलालभाऊंना तीनदा समजावली. तिन्ही वेळा तोच फोटो तसाच आला.

शेवटी भाभींनीच रूपाच्या हाती एक छापील फोटो पाठवला. सुरेख फोटो! निळं लुगडं, डोक्यावर पदर, आणि भाभी चक्क हसताहेत. मात्र शेजारी विधी होती. आईच्या खांद्यावर हात टाकून, गालाला गाल लावून.

विधी ही त्यांची मुलगी. आमच्या अंगणात वाढलेली. तिने चाळीसगावच्या राकेशशी लग्न केलं, समाजाबाहेर, रजिस्टर पद्धतीने. मुलगा सोन्यासारखा आहे, शाळेत गणित शिकवतो. पण त्या दिवसापासून मोहनलालभाऊंनी मुलीचं नाव तोंडातून काढलेलं नाही. आखाजीला गल्लीतल्या सगळ्या लेकी माहेरी येतात, कडुनिंबाला झोके बांधतात, गाणी म्हणतात. विधी तेवढी येत नाही. मला वाईट वाटतं, अगदी सरळ सांगतो. पण शेजारी झाला तरी किती बोलणार!

मी फोटो घेऊन दुकानात गेलो. मोहनलालभाऊंनी तो पाहिला आणि लगेच एका पातेल्याकडे बघायला लागले.

"भाभींचा तेवढा घ्या, नाना. बाजूचं कापून टाका."

"बाजूचं म्हणजे?"

"बाजूचं म्हणजे बाजूचं," ते पातेल्याला म्हणाले.

मी कापायला बसलो. कॉम्प्युटरवर माणूस कापायचा म्हणजे त्याच्या कडेकडेने टिंबं टाकत जायचं असतं. मला वाटलं हे तर आपलंच काम. पण कालव्याला वळणं असली तरी बोटं नसतात. विधी फोटोतून निघाली, आणि तिचा हात मात्र भाभींच्या खांद्यावर राहिला. मेंदीचा, बांगड्या भरलेला, घट्ट. हात पुसायला गेलो की भाभींचा खांदा जायचा. खांदा परत आणला की त्याच्याबरोबर हातही परत यायचा. सगळी दुपार त्यात गेली. रूपा चहा घेऊन आली, स्क्रीनकडे बघून म्हणाली, "अहो, हे काय! भुताटकी झाल्यासारखं दिसतंय."

त्याच वेळी सज्जनभाभी आल्या. त्यांचा उपासाचा दिवस होता. बसायला खुर्ची दिली तरी त्या स्क्रीनसमोर उभ्याच राहिल्या.

मी म्हटलं, "भाभी, जरा थांबा, हा हात काढतोच आता."

"भाऊ," त्या म्हणाल्या, "राहू द्या ना तो हात."

"पण मोहनलालभाऊ?"

"त्यांना दुकानातलं वजन दिसतं. दुसरं काय दिसतं?" मग खाली बघत म्हणाल्या, "माझ्या मनात होतं की पारण्याचा रस तिच्या हातून प्यावा. तपात काही मागायचं नसतं म्हणून मी कोणाला बोलले नाही. तिलापण नाही. हात आहे तेवढा राहू द्या."

रूपाने पदर डोळ्यांना लावला. मी ताबडतोब फाइल सेव्ह केली. भावनेच्या भरातसुद्धा फाइल सेव्ह करावी, ही आणखी एक सूचना.

आता डावीकडे भाभी, खांद्यावर हात आणि उजवीकडे विधी होती तिथे नुसता फिकट केशरी रंग. मोकळी जागा! तलावाभोवती मी जी सांगत फिरत होतो तीच. मला स्वतःचंच कौतुक वाटलं. मी ते मोहनलालभाऊंच्या थोरल्या बंधूंना, मोतीलालजींना धुळ्याला पाठवलं, कारण घरातल्या कार्याचा शेवटचा शब्द त्यांचा असतो. त्यांचा लगेच फोन आला.

"नाना, उजव्या बाजूला कोण येणार आहे?"

"कोणी नाही."

"कोणी नाही म्हणजे कोण?"

"मोतीलालजी, ती मोकळी जागा आहे. डोळ्याला विसावा."

"विसावा लोक घरी जाऊन घेतील! फ्लेक्सवाला रिकाम्या जागेचेपण पैसे लावतो. अहो, लोक विचारतील, इथून कोणाला काढलं? धुळ्यात एका लग्नाच्या बॅनरवर थोडी जागा राहिली होती, तर दोन साडू आजतागायत एकमेकांकडे बघत नाहीत. तिथे आमच्या धुळ्याच्या फर्मचं नाव टाका, मोठं. आणि तो हात कोणाचा आहे?"

मी गडबडलो. "डिझाइन आहे," म्हटलं.

"असं का," मोतीलालजी म्हणाले. डिझाइन म्हटलं की शहाणी माणसंसुद्धा गप्प बसतात, हे मला त्या दिवशी कळलं. फर्मचं नाव मी खाली टाकलं, बारीक, आणि जागा राखली. तत्त्व म्हणजे तत्त्व.

मग परवाना. बॅनर गल्लीच्या तोंडाशी लावायचं म्हणजे परवाना हवा. मी गेलो. कोणत्या कचेरीत ते सांगत नाही, कारण मी स्वतः सरकारी नोकर होतो आणि घरातली भांडणं रस्त्यावर आणू नयेत. खिडकीतल्या गृहस्थांनी अर्ज उलटसुलट केला.

"बॅनरच्या नमुन्यावर परवाना क्रमांक छापलेला नाही."

"क्रमांक तुम्ही देणार ना?"

"नमुना बरोबर असल्याशिवाय कसा देणार?"

मला एकदम भरून आलं. हेच वाक्य मी किती लोकांना ऐकवलं होतं! फक्त ते खिडकीच्या या बाजूला कसं ऐकू येतं ते ठाऊक नव्हतं. मी खात्यातल्या जुन्या ओळखी सांगितल्या. त्यातले बरेचसे वारले होते, आणि जे जिवंत होते त्यांना हे गृहस्थ ओळखत नव्हते. शेवटी 'क्रमांक: मंजुरीअंती' असं लिहायचं ठरलं. मी सुटकेचा श्वास टाकणार तेवढ्यात त्यांनी चष्मा वर केला.

"चित्रातल्या सगळ्या व्यक्तींची संमती लागेल."

"आहे ना. ही सज्जनबाईंची."

"आणि या हाताची?"

मी म्हटलं, "साहेब, तो नुसता हात आहे."

"हात आपोआप येत नाही. त्याच्यामागे व्यक्ती असते. तिची सही आणा. सध्या मोबाइलवर आली तरी चालेल, मूळ कागद नंतर जमा करा."

घरी आल्यावर मी रूपापुढे या अपमानाचं वर्णन करत होतो, तर तिने सरळ चाळीसगावला फोन लावून माझ्या कानाला दिला. पलीकडे विधी. इतक्या दिवसांनी तिचा आवाज ऐकला.

"विधी बेटा," मी म्हटलं, "तुझ्या हाताची संमती पाहिजे होती."

ती हसायला लागली. तिला वाटलं काका म्हातारे झाले. मग मी सगळं सांगितलं. फोटो, कापाकापी, बॅनर आणि भाभी काय बोलल्या तेसुद्धा. ते सांगायचं नव्हतं, पण एकदा बोलायला लागलो की मोकळी जागा ठेवायचं मला जमत नाही. तिचं हसणं थांबलं. मग नाक ओढून म्हणाली, "हाताची देते काका. बाकी विधीची संमती कोण देणार? पप्पांनी एकदा ये म्हटलं असतं ना, तर मी चालत आले असते."

मी घाईने फोन रूपाच्या हातात दिला. सही मात्र लगेच आली, डॉक्युमेंट म्हणून. पोरीला शिकवावं लागलं नाही.

परवाना मिळाला आणि मी फाइल घेऊन नवीनकडे गेलो. नवीनचा फ्लेक्स छापायचा कारखाना आहे. त्याने फाइल उघडली आणि माझ्या अक्षरांच्या जागी नुसत्या डब्या दिसायला लागल्या. मी ज्या वळणाची अक्षरं वापरली ती त्याच्या मशीनवर नव्हतीच. म्हणून छापायला देण्याआधी अक्षरांचं चित्रात रूपांतर करून घ्यावं लागतं. हे व्हिडिओत होतं, पण त्या वेळी आमच्याकडे लाइट गेले होते. मी घरी जाऊन ते करून आणलं. मग भाभींचं निळं लुगडं नमुन्यात जांभळं आलं. स्क्रीनवरचा निळा आणि शाईचा निळा हे सख्खे भाऊ नसतात, हे नवीनने मला समजावलं. तेही दुरुस्त केलं.

मग नवीनने कोपऱ्यावर बोट ठेवलं. "नाना, हा बाण कशाला?"

"उत्तर दिशा," मी म्हटलं.

"बॅनरवर?"

आता नकाशावर उत्तर दिशा दाखवायची असते हे का सांगायला पाहिजे! जन्मभर मी बाण काढल्याशिवाय एक कागद टेबलावरून खाली जाऊ दिला नाही. या बॅनरवरही हाताने आपोआप काढला गेला होता. लाल, ठसठशीत. मी म्हटलं, "बरं, काढून टाक. आणि मोहनलालशेठना एकदा दाखवून घे."

दुसऱ्या दिवशी नवीनचा फोन आला. "नाना, शेठ येऊन गेले. मी विचारलं, एक हात जास्तीचा दिसतोय, काढू का? बराच वेळ बघत बसले. मग म्हणाले, नानांनी केलंय तसंच छाप, एक रेघपण हलवू नको. म्हणून मी बाणपण ठेवला."

मी फोन ठेवला आणि रूपाला हाक मारली. "ऐकलंस? एक रेघ हलवू नको म्हणाले! याला म्हणतात विश्वास." रूपा माझ्याकडे अशी बघत राहिली की मला वाटलं तिला ऐकू आलं नाही. मी परत सांगितलं.

आखाजीच्या आदल्या दिवशी बॅनर गल्लीच्या तोंडाशी लागलं. भाभींचं हसणं इतकं मोठं झालं होतं की रस्ता उजळल्यासारखा वाटत होता. जाणारा-येणारा थांबायचा. एका रिक्षावाल्याने गाडी बंद करून मला विचारलं, "नाना, हाऊ हात कोना शे?" मी म्हटलं, डिझाइन आहे. तो म्हणाला, "बठ्ठं झकास शे, पन पोरगी कुठे गई?" याला बांगड्यांवरून पोरगी कळली, आणि मोतीलालजींना धुळ्याहून काही कळलं नव्हतं.

पोरासोरांना मात्र मोकळ्या जागेचा वेगळाच उपयोग सापडला. तिथे उभं राहिलं की सज्जनबाईंच्या खांद्यावरचा हात आपल्याच अंगातून निघाल्यासारखा दिसतो! फोटो काढायला रांग लागली. मोहनलालभाऊ दुकानातून आले, रांग पाहिली आणि तिच्यावर धावून गेले.

"चला, व्हा बाजूला! तिथे कोणी उभं राहायचं नाही. जागा मोकळी ठेवायची असते. डिझाइन आहे ते!"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. भांड्याच्या दुकानात जन्म घालवलेल्या माणसाला मोकळ्या जागेचं मर्म कळलं, ते केवळ माझ्या संगतीने. मी रूपाला तसं म्हटलंसुद्धा. ती म्हणाली, "तुम्ही ना, खरंच धन्य आहात."

पारण्याचा दिवस उजाडला. सकाळीच ऊन असं की डांबर चपलेला चिकटावं. मांडव मोहनलालभाऊंच्या अंगणात होता, धुळ्याची मंडळी आली होती, रसाची छोटी छोटी मडकी मांडून ठेवलेली. मी बॅनरजवळ उभा होतो, कोणाला काही शंका असल्यास समाधान करायला. शंका कोणालाच नव्हती. सगळे पाहुणे बॅनरकडे बघायचे, कोपऱ्यातला लाल बाण बघायचे आणि बाण वर म्हणजे सरळ पुढे असं समजून चालू लागायचे.

बॅनरच्या उत्तरेला आमचं घर आहे.

माझ्या लक्षात येईपर्यंत आमच्या ओसरीत पंगतीएवढी माणसं बसली होती. आत रूपाचे मांडे चालू होते, पुरणाचा वास सुटलेला, आणि पाहुण्यांना वाटलं जेवणाची सोय इथेच आहे. दोन आजोबांनी हातपाय धुतले होते. रूपाने मला बघताच लाटणं उगारलं. मी म्हटलं, "अगं, ती उत्तर दिशा आहे!" त्यावर ती जे बोलली ते सणाच्या दिवशी लिहिण्यासारखं नाही.

आणि मग ती एकदम थांबली. ओसरीच्या टोकाला, गर्दीच्या मागे, विधी उभी होती. हातात एक पाकीट घट्ट धरलेलं. फाटकाबाहेर स्कूटर लावून राकेश उन्हात उभा.

"काका," विधी घाईघाईने म्हणाली, "मूळ कागद जमा करायचा म्हणाला होतात ना, तो द्यायला आले. लगेच जाणार आहे. बाण बघून सगळे इकडे येत होते, म्हणून मीपण आले."

चाळीसगावहून एक कागद द्यायला माणूस आखाजीच्या दिवशी नवं लुगडं नेसून येत नाही, एवढं मलाही कळतं. रूपाने लाटणं माझ्या हातात दिलं, पिठाचे हात पदराला पुसले, विधीचं मनगट धरलं आणि भर मांडवात नेलं. मी मागोमाग लाटण्यासकट.

मांडवात मोतीलालजी म्हणत होते, "चला, वेळ होतेय, रस गरम होतोय." भाभी पाटावर बसल्या होत्या, वाळून काटकी झालेल्या. त्यांनी विधीला पाहिलं आणि मान खाली घातली. मागायचं नव्हतं ना. त्यांची बोटं तेवढी पदराशी चाळा करत होती. सगळा मांडव मोहनलालभाऊंकडे बघायला लागला. मी लाटणं पाठीमागे लपवलं. आता काही वेडंवाकडं झालं तर सगळं माझ्या हातावर येणार, म्हणजे त्या हातावर.

मोहनलालभाऊंनी घसा साफ केला. जवळ पातेलं नव्हतं, म्हणून त्यांना मुलीकडेच बघावं लागलं.

"विधी," ते म्हणाले. नाव जरा घोगरंच निघालं, खूप दिवसांत वापरलं नव्हतं. "तिथे काय उभी राहिलीस? आईला रस कोण देणार?"

मग काय झालं ते मला नीट दिसलं नाही. चष्म्यावर वाफ धरली होती. भाभींनी रस घेतला एवढं दिसलं. मडकं ज्या हातात होतं त्या हाताला मेंदी होती. मोतीलालजी मोठ्यांदा नाक शिंकरत होते आणि रूपा माझ्याच खांद्याला डोळे पुसत होती.

नंतर सगळ्यांनी मायलेकींना बॅनरपाशी नेलं. भाभी आपल्या फोटोखाली उभ्या राहिल्या, विधी उजवीकडच्या केशरी जागेत. तिने आईच्या खांद्यावर हात टाकला, आणि वरचा तो जादा हात एकदम कोणाचा तरी झाला. एवढी टिंबं टाकून मला जे जमलं नव्हतं ते पोरीने नुसतं उभं राहून केलं. त्या जागेत तेव्हा बोटभरही फट उरली नाही.

नवीन फोटो काढणार तेवढ्यात मोहनलालभाऊंनी त्याला थांबवलं. ते दोन पावलं मागे गेले, बॅनर डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं, मग आमच्या फाटकाबाहेर उन्हात उभ्या असलेल्या राकेशकडे पाहिलं. आणि माझ्याकडे वळून, भर गल्लीत, चांगल्या चढ्या आवाजात म्हणाले,

"काय हो नाना, एवढं मोकळी जागा, मोकळी जागा करत होतात, तर ठेवलीत किती? आमच्या जावयांनी कुठे उभं राहायचं?"